काकू, तुम्ही दिसलाच नाहीत!

गाडी थांबवून तो मुलगा धावत आला तेव्हा मी रस्त्यात बसले होते, उजव्या हातानं डावा खांदा धरून. पिशवीतली मेथीची जुडी कुणाच्या तरी स्कूटरखाली गेली होती. मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल. ओठ कोरडे पडलेले. "काकू, शपथ सांगतो, तुम्ही दिसलाच नाहीत!" हे तो तीनदा म्हणाला.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. खोटं बोलणारा मुलगा मला चेहऱ्यावरून कळतो. हा खोटं बोलत नव्हता, आणि मला राग आला तो त्याचाच. कारण चौकाच्या वीसेक पावलं अलीकडे त्यानं मला ओव्हरटेक केलं होतं. म्हणजे काही क्षण तरी मी त्याच्या काचेसमोर सायकल चालवत होते. सिग्नल दोघांनाही हिरवा. मला सरळ जायचं होतं, त्याला डावीकडे. तो माझ्या पुढे गेला आणि माझ्या तोंडासमोरूनच वळला. डिसेंबर महिना, संध्याकाळचे साडेसहा, कोथरूडमधला एक चौक. त्या चौकातून मी हजार वेळा गेले असेन.

कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात झोळीत. स्वयंपाकघर ह्यांच्याकडे गेलं आणि मला विचार करायला वेळच वेळ मिळाला. तो मुलगा 'मी पाहिलं नाही' असं म्हणाला नव्हता. आपल्या भाषेत या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे! 'मी पाहिलं नाही' म्हटलं की चुकलेला माणूस सापडतो. 'दिसलं नाही' म्हटलं की कुणीच सापडत नाही. पाऊस पडला नाही, तसं ते. त्यातून 'तुम्ही दिसला नाहीत' या वाक्याचा कर्ता कोण? मी! कॉलरबोनही माझंच आणि कर्तेपणही माझंच.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा आहे. त्यातल्या किती जणांच्या बाबतीत कुणीतरी 'दिसलाच नाही' म्हणालं असेल, ते कुठल्याच रकान्यात नाही. मी ठरवलं, निदान माझ्यापुरतं तरी हे 'दिसणं' काय असतं ते नीट तपासायचं. शिक्षिकेची खोड आहे ती.

सुरुवात डोळ्यापासून. हात समोर सरळ लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं ते साधारण त्या नखाएवढंच. बाकी सगळं धूसर असतं. पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवून ठेवा आणि ती न हलवता चार शब्दांपलीकडचा शब्द वाचून दाखवा. एवढ्याशा खिडकीतून आपण अख्खा चौक बघतो तो कसा? तर डोळा उड्या मारतो. इथे थांबला, तिथे थांबला, पुन्हा उडी. आणि उडीच्या दरम्यान मेंदू चित्र बंदच ठेवतो. आरशासमोर उभं राहून आपल्या डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे नजर न्या. शेजारच्याला तुमची बुबुळं हललेली दिसतील, तुम्हाला स्वतःला कधीच दिसणार नाहीत. माझ्या नववीच्या वर्गात हा प्रयोग केला की पुढची दहा मिनिटं वर्ग हातात राहायचा नाही.

आता चौकात आलेला चालक डोळ्यांपुढे आणा. घाईत मान उजवीकडे, मान डावीकडे. त्या झटक्यात डोळा दोन किंवा तीन ठिकाणी थांबतो. बस एवढी मोठी असते की कुठल्या ना कुठल्या थांब्यावर ती सापडतेच. सायकल दोन थांब्यांच्या मध्ये मावते. मग चालक मनापासून सांगतो की मी दोन्हीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता. त्याच्यापुरता तो मोकळाच होता.

त्यातही मान कुठे वळते हे सवय ठरवते. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी चौकातल्या चालकांच्या माना कुठे वळतात ते टिपलं आणि १९९६ मध्ये छापलं. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाड्या चालतात. उजवीकडे वळणारे चालक डावीकडे बघत, कारण गाड्या डावीकडून येत. उजवीकडून येणाऱ्या सायकलींकडे त्यांचं लक्षच नसे. ज्या दिशेनं आपल्याला धोका, तिकडेच माणूस बघतो. ज्याला आपला धोका, तिकडे बघायचं राहून जातं. आपल्याकडे हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं करायचं. डावीकडे वळणारा उजवीकडे बघतो. माझ्या त्या मुलानंही बघितलं असणार, उजवीकडून बस येत नाही ना म्हणून. वीस पावलं मागे टाकलेली बाई तोवर त्याच्या डोक्यातून गेली होती.

इथे एक गोष्ट स्वतःच्याच जमातीला सुनावते. राँग साइडनं, दुभाजकाचा वळसा वाचवायला, चौकात घुसणारे सायकलवाले नेमके त्या न पाहिलेल्या बाजूनं येतात. 'हळूच तर जातो' हे त्यावर उत्तर होत नाही.

हात झोळीतून निघाल्यावर मी शेजाऱ्यांच्या गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरच्या सीटवर, गाडी सोसायटीत उभी. मला गाडी चालवता येत नाही. त्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. आणि पहिलं काय जाणवलं असेल तर पुढच्या काचेच्या दोन्ही कडांचे ते खांब. छताला तोलणारे. शेजारचा मुलगा इंजिनिअर आहे, तो म्हणाला, "काकू, याला ए पिलर म्हणतात. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून हल्ली जाड करतात." म्हणजे आतल्याच्या जिवासाठी. मी टेपनं मोजलं. खांब ११ सेंटीमीटर, माझ्या डोळ्यापासून पाऊण मीटरवर. दोन डोळे असल्याचा फायदा जमेला धरला तरी ३० मीटरवर हा खांब सुमारे दोन मीटर रुंदीचा रस्ता झाकतो. सायकल पावणेदोन मीटर लांब असते. मी ह्यांना सायकल घेऊन गेटकडे पाठवलं. ४२ वर्षांचा संसार, सहा फुटांचा माणूस, आणि एका जागी आल्यावर सायकलसकट नाहीसा!

आता म्हणाल, गाडी चालत असते, सायकल चालत असते, खांबामागे असा किती वेळ कोण राहणार? खरी मेख तिथेच आहे. समजा गाडी ताशी ४० किलोमीटरनं चौकाकडे येते आहे आणि उजवीकडच्या रस्त्यानं सायकल ताशी १५ नं. दोघं एकाच क्षणी चौकात पोचणार आहेत, म्हणजे टक्कर ठरलेली आहे. वहीवर आकृती काढा. दर सेकंदाला दोघांच्या जागा मांडा आणि गाडीकडून सायकलकडे रेघ ओढा. सगळ्या रेघा समांतर येतील. म्हणजे चालकाला सायकल सतत एकाच कोनात असते, समोरच्या दिशेपासून साधारण २० अंश उजवीकडे. आणि आपल्याकडच्या गाडीत, जिथे चालक उजवीकडे बसतो, उजवा खांब जवळपास तिथेच असतो. ज्या सायकलीशी टक्कर होणार नाही ती खांबामागून सरकत बाहेर येते आणि दिसते. जिच्याशी होणार, तीच शेवटपर्यंत मागे लपून राहते.

माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत होता. त्याला ही आकृती दाखवली तर तो हसायला लागला. "ताई, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. समोरचं जहाज जवळ येतंय आणि त्याची दिशा बदलत नाहीये, तर टक्कर आहे असं समजायचं." समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे लिहिलेलंच आहे. जहाजाला विचार करायला काही मिनिटं तरी मिळतात. आमच्या चौकात तीन सेकंद मिळाले तर खूप.

इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट म्हणून भाग आहे. तिथे इप्ली क्रॉस नावाचा एक चौरस्ता आहे. उघडं माळरान, ना झाड, ना भिंत, दोन्ही रस्ते लांबून दिसतात. आपल्या डोळ्यांना याहून सुरक्षित चौक दुसरा वाटणार नाही. तिथे २०११ मध्ये एक सायकलस्वार गेला आणि २०१६ मध्ये आणखी एक. दोन्ही वेळा गाडी आडव्या रस्त्यावरून आली होती. त्यानंतर तिथल्या एका लेखकानं कोनांची आणि वेगांची मांडामांड करून दाखवलं की मोकळेपणामुळेच कुणी वेग बदलत नाही, आणि वेग न बदलल्यानं खांबामागची सायकल खांबामागेच राहते.

तेव्हापासून मी चौकाजवळ येताना दोन क्षण पेडल थांबवते किंवा उलट जोर लावते. एवढ्यानं कोन मोडतो. गाडीवाल्यांनी करायचं ते याहून सोपं आहे: चौकात मान नुसती वळवायची नाही, अंग पुढे-मागे झुकवायचं. घड्याळवाला दुकानात भिंगातून बघताना डुलतो ना, तसं. शेजारच्या मुलाला सांगितलं. तो आता डुलतो, त्याची बायको हसते.

अपघातानंतर ज्यानं त्यानं मला एकच सल्ला दिला: ते पोपटी जाकीट घाला. नणंदेनं तर आणूनच दिलं. डेन्मार्कमध्ये याच जाकिटाचा मोठा प्रयोग झाला आहे. साडेसहा हजारांहून अधिक सायकलस्वार, निम्म्यांना भडक पिवळी जाकिटं दिली, निम्म्यांना नाही, आणि वर्षभर अपघात मोजले. दुसऱ्या वाहनाशी वगैरे झालेले, दुखापतीचे अपघात जाकीटवाल्यांत जवळजवळ निम्मे भरले. अपघात ज्यानं त्यानं स्वतः कळवायचे होते, जाकीटवाले हात राखून सांगत असतील, म्हणून संशोधकांनीच ती घट ३८ टक्क्यांवर आणली. तरी कमी नाही. जाकिटाला मी नावं ठेवणार नाही.

पण साडेसहाची वेळ, दिवस मावळलेला. हा पोपटी रंग इतका झगमगतो तो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. ते शोषून तो दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. गाडीच्या दिव्यात ते किरण नसल्यातच जमा. मग सूर्य गेल्यावर पोपटी रंगाचं काय उरतं? ते बघायला आम्ही सोसायटीमागच्या बोळात रात्री साडेनऊला जमलो. शेजारचा मुलगा गाडीत, डिपर खाली. ह्यांना सायकलवर पन्नास पावलांवर पाठवलं. पहिल्या फेरीत त्यांचा गडद निळा स्वेटर. सायकल कधी वळून परत आली ते कळलंच नाही, ब्रेकचा आवाज आला तेव्हा कळलं. दुसऱ्या फेरीत नणंदेचं जाकीट. मळकट राखाडी-हिरवं काहीतरी हलतंय, एवढंच. तिसऱ्या फेरीला मी त्या जाकिटाच्या पाठीवर चंदेरी रिफ्लेक्टर टेप शिवली होती. मीटरवर मिळते, शिवायला जरा चिवट, सुई मोडते. ती मात्र लखलखली. मुलगा म्हणाला, "दिसलं काकू, पण काय आहे ते कळेना. बोर्ड वाटला." चौथ्या फेरीला जाकीट उतरवून मी ह्यांच्या दोन्ही घोट्यांना तीच टेप बांधली. दिवा लागताच अंधारात दोन ठिपके वरखाली, वरखाली होऊ लागले आणि मुलगा जवळपास ओरडलाच, "काका पेडल मारतायत!"

ठिपके दोनच होते. तरी त्याला 'काका' दिसले, आणि 'पेडल मारतायत' हेही. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच दाखवलं होतं. माणसाच्या सांध्यांवर ठिपके लावायचे, बाकी सगळा अंधार. माणूस स्थिर असेल तर नुसते ठिपके. चालू लागला की बघणारा क्षणात सांगतो, माणूस चालतोय. माणसाच्या हालचालीची खूण आपल्या मेंदूत फार खोल बसलेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रात्री, बंद रस्त्यावर, चालकांना गाडीत बसवून ही गोष्ट मोजली. समोर सायकलस्वार आहे हे किती वेळा ओळखलं गेलं? काळे कपडे, २ टक्के. नुसतं पोपटी जाकीट, १५ टक्के. चमकत्या टेपचं जाकीट, ५०. आणि त्याच्या जोडीला गुडघ्यांना आणि घोट्यांना टेप, ९०. जाकीट विकणाऱ्यांच्या दुकानात हे आकडे मी कुठे लावलेले पाहिले नाहीत.

चौकाचं दुखणं मात्र या टेपनंही सुटत नाही. टेपमध्ये काचेचे बारीक बारीक मणी असतात. प्रकाश ज्या दिशेनं येतो त्याच दिशेनं ते तो परत पाठवतात. म्हणजे टेप चमकते ती फक्त ज्याचा दिवा तिच्यावर पडतोय त्याच्यासाठी. बाल्कनीत उभ्या असलेल्या नणंदेला त्या रात्री ठिपके दिसलेच नाहीत, ती म्हणाली, कसली टेप नि कसलं काय. मागून येणाऱ्या गाडीला टेप दिसते, कारण तिचे दिवे माझ्या पाठीवर आहेत. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीचे दिवे तिच्या नाकासमोर असतात आणि मी असते बाजूला. त्या प्रकाशात मी येते तेव्हा मी तिच्या बंपरसमोर असते. आडव्यासाठी स्वतःचाच दिवा हवा.

दिव्यावरून अण्णा आठवले. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणवत असे आणि ते खरंच तसं होतं. सायकलला दिवा नसेल तर चौकातला पोलीस पकडायचा, म्हणून रात्री चौक जवळ आला की बिनदिव्याची मंडळी खाली उतरून सायकल हातात धरून चालायची आणि पलीकडे गेली की पुन्हा टांग मारायची. आज वाटतं, त्या पोलिसाच्या धाकानं किती जणांचा चौक सुखरूप पार झाला असेल! अण्णांकडे डायनामो होता. बाटलीच्या आकाराचा, चाकाला टेकवायचा. त्याची गोल फिरकी टायरला घासून फिरायची, घुर्रर्र आवाज, पेडल जड. सायकल जोरात असली की दिवा पांढरा, हळू झाली की पिवळा, चौकात थांबली की लाल होत होत विझायचा. अण्णा म्हणायचे, "नेमकं चौकात आपण विझतो." तेव्हा मला ती गंमत वाटायची. आता बॅटरीचे एलईडी दिवे दोन-तीनशे रुपयांना मिळतात आणि थांबलं तरी जळतात. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये साधारण अठराशे सायकलस्वारांना चाकातल्या चुंबकांवर चालणारे, दिवसरात्र लागून राहणारे दिवे दिले होते. त्यांचे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. दिवसाही लावलेला दिवा फुकट जात नाही.

ट्रक आणि बसचं गणित वेगळं. तिथे खिडकीच इतकी उंच की डाव्या कुशीला, पुढच्या चाकाशी थांबलेली सायकल चालकाला दिसायचा प्रश्नच नाही. वळताना मागचं चाक पुढच्याच्या मार्गानं जात नाही, आत कापत येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सिग्नलला आपण फटीतून त्याच जागी जाऊन उभे राहतो. आपल्याकडे यावर एक देशी उपाय होता: क्लीनर. डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर, दारावर थाप मारत, "चल चल चल... थांब! सायकल हाय!" त्याच्या थापेत किती जीव वाचले असतील ते कुणी मोजलं नाही. हल्ली पुष्कळ ट्रकवर एकटा चालक दिसतो. लंडननं मोठ्या ट्रकना चालकाच्या जागेवरून प्रत्यक्ष किती दिसतं यावर तारे द्यायला सुरुवात केली. पुरेसे तारे नसतील तर २०२१ पासून जादा उपकरणं बसवल्याशिवाय शहरात परवाना नाही, आणि २०२४ मध्ये ती पट्टी आणखी वर नेली. क्लीनर गेला तर त्याची थाप यंत्रानं मारावी, एवढंच त्यांनी केलं म्हणा. माझा स्वतःचा नियम साधा: ट्रकच्या आरशात मला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही माझा दिसत नाही. मी मागे थांबते. मागच्यांनी हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

राहता राहिला चौक. माझ्या अपघाताच्या जागी मी नंतर बऱ्याच संध्याकाळी अमृततुल्यच्या बाकावर बसून काढल्या. त्या कोपऱ्याचं वळण इतकं ऐसपैस गोल आहे की डावीकडे जाणाऱ्याला वेग कमी करायचं कारणच नाही. त्यात कोपऱ्यावर एक टेम्पो कायमचा उभा, वर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. रस्ता आखणारे इंजिनिअर चालकाला दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे २७-२८ मीटर ब्रेक लागायच्या आधीच संपले. त्या फ्लेक्समागून चौक दिसतो तो दहा मीटरवर. हा हिशेब मी चहावाल्याला सांगितला. तो म्हणाला, "ताई, फ्लेक्स उतरला तरी दुसरा लागंल. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा वाढदिवस हाय."

डच लोकांनी कोपरा मुद्दाम टोकदार केला. वळणाशी एक छोटं बेट बांधलं आणि सायकलचा पट्टा गाडीच्या पट्ट्यापासून एका गाडीएवढा आत घेतला. गाडीला हळू व्हावंच लागतं, आणि ती सायकलपाशी येते तोवर पूर्ण वळलेली असते. सायकल मग खांबामागे किंवा कुशीला नसते, काचेच्या मधोमध असते. म्हणजे 'दिसणं' त्यांनी दगडमातीतच बांधून टाकलं; चालक सावध आहे की नाही यावर ठेवलं नाही. पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला तेव्हा मी तो हौसेनं वाचला होता. आपल्याकडे सायकल ट्रॅकवरून जाताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो: जिथे धोका कमी तिथे मला वेगळा पट्टा आहे, आणि चौक आला की तो का संपतो?

अण्णांच्या काळी पट्टा नव्हताच. खडकीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, रस्ता भरून. तेव्हा एखादी मोटार चौकात आली तर तीच अंग चोरून उभी राहायची. पीटर जेकबसन या अमेरिकन अभ्यासकानं २००३ मध्ये अनेक शहरांचे आकडे मांडून दाखवलं की जिथे सायकली जास्त तिथे एकेका सायकलस्वाराचा धोका कमी. चालकांची नजर सरावते. आज कोथरूडच्या चौकात संध्याकाळी मी कित्येकदा एकटीच असते. ज्याची वाटच पाहिली जात नाही ते दिसणार कसं?

उजवीकडे वळायचं तर अण्णांची पद्धत मी अजून पाळते: आधी सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, मग तिकडचा सिग्नल पडला की निघायचं. डेन्मार्कात सायकलवाल्यांना (तिकडे डावीकडे वळताना) हाच कायदा आहे, हे कळल्यावर अण्णा किती खूश झाले असते!

उरलेल्या टेपच्या मी चार-पाच जोड्या शिवल्या, वेल्क्रो लावून. आमच्या पेपर टाकणाऱ्या मुलाला एक जोडी दिली. पहाटे पाचला अंधारात निघतो, सायकलला दिवा नाही. त्यानं पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. "पायात काय बांधू काकू, मी काय नाचणार आहे का?" मी म्हटलं, बांध रे. त्यानं खिशात घातल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्या खिशातच राहणार.

परवा मला पहाटेची सिंहगड एक्सप्रेस गाठायची होती. मुंबईला भाचीकडे काम होतं. सव्वापाचला... नाही, त्याहूनही थोडं आधी रिक्षा मिळाली. रस्त्यावरचे दिवे त्या भागात गेलेलेच होते. रिक्षाचा दिवा तो केवढा, पण आडव्या गल्लीच्या तोंडाशी त्यात एक ठिपका चमकला आणि वरखाली होऊ लागला. बाकी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. रिक्षावाल्यानं हँडल जरा उजवीकडे घेतलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "सायकल हाय पुढं."

ठिपका एकच होता. मी वाकून बघितलं. जवळून जाताना दिसलं, दुसरी पट्टी त्यानं मागच्या कॅरिअरवर पेपरच्या गठ्ठ्याला आवळली होती.